कोनाचा गा तू?

अड्याळच्या स्टँडवर एसटीतून उतरलो की हातात चहा यायच्या आधी प्रश्न येतो. विचारणारा बहुतेक वेळा पानठेल्याच्या बाकावर बसलेला कुणीतरी म्हातारा असतो. डोळ्यांवर हात धरून तो मला न्याहाळतो आणि म्हणतो, "कोनाचा गा तू?" मी वडिलांचं नाव सांगतो. तेवढ्यानं भागत नाही, म्हणून आजोबांचं सांगतो. मग त्याचा चेहरा मोकळा होतो. "हाव का! मंग तसं सांग ना. तुया आजा अन् मी एकाच बंडीत पवनीले जावो." त्यानंतरचा चहा माझ्या पैशाचा नसतो.

हे सुख मी वर्षातून चार-पाचदा घेतो. नागपूरहून भंडारा 60 किलोमीटर, तिथून पवनीच्या रस्त्याला लागायचं. पहेला मागे पडलं की धानाच्या बांध्यांमधून गाव येतं. आमच्या झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, म्हणून जुनी माणसं अड्यार म्हणतात. शाळा, बँक, पोलीस ठाणं, आठवडी बाजार हे सगळं असल्यामुळे आजूबाजूच्या खेड्यांना ते शहरासारखंच. मला मात्र ते गावच वाटतं, कारण तिथे मी अजूनही वडिलांच्या नावावर ओळखला जातो. शहराची माझी व्याख्या एवढीच आहे: जिथे वडिलांचं नाव सांगून काही उपयोग होत नाही.

असं एक शहर मला 2006 साली मिळालं. नागपुरात सीताबर्डीच्या मागच्या एका गल्लीत माझं ऑफिस होतं आणि त्या गल्लीच्या तोंडाशी एक चहाची टपरी. पहिल्या आठवड्यात मी टपरीवाल्याला साखर कमी टाकायला सांगितलं. त्यानं ते कायमचं लक्षात ठेवलं, आणि माझं नावच ते झालं. "कम शक्कर आ गए," असं तो लांबून बघूनच म्हणायचा आणि वेगळ्या छोट्या पातेलीत माझा चहा चढवायचा. तिथे सगळ्यांची अशीच नावं होती. 'अदरक जादा' म्हणजे कोर्टातला एक कारकून. 'दो ग्लास' म्हणजे पार्सलं पोचवणारा एक पोरगा, जो एक पाण्याचा आणि एक चहाचा असे दोन ग्लास एकदम मागायचा. शेजारच्या ठेल्यावर तर्री-पोहे. नागपुरात पोह्यांवर चण्याचा झणझणीत रस्सा ओततात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांनी एकदा खाऊन बघावं. वाचून त्यात काही कळत नाही.

त्या बाकावर मला जे मिळालं त्याला सुखापेक्षा मोठा शब्द लावायला मी धजत नाही, पण ते छोटंही नव्हतं. डिसेंबरच्या सकाळी काचेचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसायचं. शेजारी कोण आहे हे माहीत नसायचं आणि माहीत करून घ्यायची गरजही नसायची. एकदा एक गृहस्थ एक्स-रेचा मोठा लिफाफा घेऊन बसले होते. गडचिरोलीकडून आले होते, 'मेडिकल'ला जायचं होतं, आणि रिपोर्टवर इंग्रजीत काय लिहिलंय ते वाचून सांगाल का म्हणाले. मी वाचलं. मलाही अर्धं कळलं नाही. जे कळलं ते चांगलं नव्हतं. मी म्हणालो, डॉक्टरच नीट सांगतील. त्यांनी मान हलवली, त्यांच्या बशीतला एक टोस्ट माझ्या बशीत ठेवला आणि आम्ही न बोलता चहा संपवला. ते पुन्हा कधी दिसले नाहीत. माझ्या काही सख्ख्या नातेवाइकांचे चेहरे आज डोळ्यांसमोर पटकन येत नाहीत, या गृहस्थांचा येतो.

तरीही बरीच वर्षं मी मनात हिशोब असाच मांडत आलो की टपरीवरचं हे सुख दुय्यम आणि अड्याळच्या स्टँडवरचं खरं. इकडे आपण फक्त 'कम शक्कर', तिकडे आपण कुणाचे तरी. शहर सोय देतं आणि गाव माया देतं, हे आपल्या मराठी लेखनानं इतक्यांदा सांगितलंय की ते मत आहे हेही आपण विसरलो. मीही तसं एक-दोन ठिकाणी लिहिलंय. ते लेख आता सापडू नयेत अशी इच्छा आहे.

हा हिशोब माझ्या एका मित्रानं मोडला. तोही अड्याळचाच, माझ्याच वर्गातला, आता नागपुरात सरकारी नोकरीत. टपरीवर तो कधीमधी यायचा. एकदा मी त्याला स्टँडवरच्या म्हाताऱ्याची गोष्ट रंगवून सांगत होतो, तो बंडीचा किस्सा, चहाचे पैसे न घेण्याचा किस्सा. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुले तो प्रश्न आवडते, कारन तुयं उत्तर सोपं हाय बे."

मग चहा पिऊन तो ऑफिसला निघून गेला. रागावला नव्हता. मला मात्र त्या वाक्यापासून सुटका मिळाली नाही, कारण त्याच्यामागे काय आहे हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

आम्ही आठवीत होतो. गणिताच्या वहीसाठी तो आमच्या घरी आला. आमचं घर कुणब्याचं, फार मोठं नाही, पण ओसरीवर धानाची पोती रचलेली असत. आजी ओसरीवरच बसलेली. तिनं त्याला बघितलं आणि विचारलं, "कोनाचा गा तू?" त्यानं वडिलांचं नाव सांगितलं. आजीचा आवाज खरोखर मऊ झाला. "हाव का बाप्पा! तुयी माय आमच्या रोवन्याले येते ना. कमरंचं दुखनं बरं हाय का आता तिचं?" त्याच्या आईची कंबर दुखते हे मला माहीत नव्हतं. त्याच्या वर्गशिक्षकांना माहीत असायची शक्यता नव्हती. आजीला माहीत होतं, आणि तिला त्याची काळजी होती. यात नाटक नव्हतं. मग तिनं आत हाक मारून त्याला चहा द्यायला सांगितलं. मला स्टीलच्या कपात आला. त्याला आला तो कान तुटलेल्या चिनी मातीच्या कपात. तो कप घरात नसायचा, गोठ्याकडच्या कोनाड्यात असायचा.

त्यानं चहा प्यायला. नंतर उठून हौदापाशी कप विसळला आणि त्याच कोनाड्यात नेऊन उलटा ठेवला. कुणी त्याला कोनाडा दाखवला नव्हता. त्याला जागा कळली होती, किंवा अशा घरांमध्ये ती कुठे असते हे आठवीतल्या मुलाला आधीच ठाऊक होतं. मी वहीत बघत बसलो. एका गणिताचं उत्तर मी त्या वेळी चुकीचं उतरवून घेतलं होतं, हेही मला आठवतं.

पुष्कळ वर्षं मी हा प्रसंग 'जुन्या लोकांचं होतं तसं' या खात्यात टाकला होता. मित्राच्या वाक्यानंतर मला दिसलं की माझा हिशोब जिथे चुकत होता ती जागा वेगळी आहे. आजीची माया एक गोष्ट आणि कप दुसरी, असं ते नव्हतं. दोन्ही एकाच प्रश्नातून आली होती. 'कोनाचा' हे कळल्यामुळे तिला त्याच्या आईची कंबर आठवली आणि 'कोनाचा' हे कळल्यामुळेच कप ठरला. जो प्रश्न मला फुकट चहा मिळवून देतो, त्याच प्रश्नानं त्याचा कप वेगळा केला. मग स्टँडवरचं माझं सुख निर्मळ आहे असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्यांविषयी जे कठोर शब्द वापरले, ते अनेक चांगल्या माणसांना त्या वेळी आणि नंतरही लागले. खेडं हे भारताचं हृदय मानणाऱ्यांसमोर त्यांनी ते संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर आहे असं सांगितलं. मी कॉलेजात हे वाचलं तेव्हा मलाही ते एकांगी वाटलं होतं. आता वाटतं, ते भाषण कोणाच्या कपातून चहा पिऊन आलेल्या माणसानं केलं होतं हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. संविधानाच्या 15व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव आणि रस्ते यांच्याबरोबर दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कुणालाही तिथे अडवता येणार नाही. देशाच्या मूळ कायद्याला चहाच्या दुकानाची दखल घ्यावी लागली, यातच चहा किती साधी गोष्ट नव्हती ते येतं. आणि आमच्या जिल्ह्याचं सांगायचं तर, याच आंबेडकरांना भंडारा मतदारसंघानं 1954च्या पोटनिवडणुकीत हरवलं. त्यानंतर अडीच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956ला, त्यांनी धम्मदीक्षा घेतली ती नागपुरात. माझा मित्र दर वर्षी दीक्षाभूमीवर जातो. मी त्याच्याबरोबर एकदा गेलो होतो. त्या अफाट गर्दीत मला कुणी एकदाही 'कोणाचा' असं विचारलं नाही.

इथपर्यंत आलं की लेख सोपा होतो. गावाची ओळख म्हणजे तपासणी, शहराचं अनोळखीपण म्हणजे मुक्ती. 'कम शक्कर' हे नाव बापजाद्यांकडून आलेलं नाही, ते माझ्या जिभेनं कमावलंय, म्हणून तेच खरं. मलाही काही काळ असंच वाटलं आणि मी समाधानात होतो. 2020 साल आलं नसतं तर तसाच राहिलो असतो.

22 मार्चला, रविवारी, जनता कर्फ्यू झाला. तीन दिवसांनी सगळं बंद. जूनमध्ये आम्ही गल्लीत परतलो तेव्हा टपरी निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली होती. महिना गेला, दोन गेले. मी, 'अदरक जादा' आणि आणखी चौघा-पाचांनी मिळून 3,000 रुपये गोळा केले. कठीण काळ होता, त्याला पाठवू म्हटलं. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की पाठवायचे कुणाला हे आमच्यापैकी एकालाही माहीत नाही. चौदा वर्षं रोज त्याच्या हातचा चहा प्यायलो होतो. त्याचा फोन नंबर नव्हता. राहतो कुठे ते माहीत नव्हतं. कुणी म्हणालं बालाघाटचा, कुणी म्हणालं रीवाचा. नाव? आम्ही त्याला 'भैया' म्हणत होतो. जसे आम्ही त्याला 'कम शक्कर' आणि 'अदरक जादा' होतो, तसा तो आम्हांला 'भैया' होता, आणि भैया नावाच्या माणसाचा पत्ता नसतो. ते पैसे शेवटी जेवणाची पाकिटं वाटणाऱ्या काही पोरांना दिले. तो परत आला नाही.

त्याच उन्हाळ्यात अड्याळमध्ये पुण्याहून पायी-ट्रकनं आलेली पोरं गावाबाहेर विलगीकरणात ठेवली होती आणि त्यांच्यापर्यंत डबे जात होते. कोण कुणाचा आहे हे माहीत असल्यामुळेच डबे जात होते. हे मी माझ्या मित्राला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "हाव, जात हायेत. कोनाच्या घरून कोनाले जात हायेत ते पन पाह्य." मी पाहिलं. तोही खरं सांगत होता.

जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेनं 1961 साली शहरांवर लिहिलेल्या पुस्तकात न्यूयॉर्कच्या तिच्या रस्त्यावरच्या एका दुकानदाराचं वर्णन केलंय. आसपासचे लोक बाहेर जाताना घराच्या किल्ल्या त्याच्याकडे ठेवून जातात, कुणी पाहुणा यायचा असेल तर तो तिथून घेतो. किल्ली त्याच्याकडेच का? कारण तो जबाबदार आहे आणि तरीही पाहुणा कोण, कशाला आला, हे तो विचारणार नाही. जेकब्जच्या मते शहराची खरी कमाई ही: विश्वास आहे, चौकशी नाही. मला हा दुकानदार फार आवडतो. पण मी एक गोष्ट तिला विचारली असती. तो दुकानदारच एके दिवशी नाहीसा झाला, तर किल्ल्या ठेवणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचं घर माहीत होतं? किल्ली त्याच्याकडे ठेवायची सोय होती, हे आमच्या चहासारखंच. आम्ही चौकशी केली नाही ती त्याच्या मानाखातर की आमच्या आळसाखातर, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

टपरीच्या जागी आता एक तरुण पोरगा बसतो. चहा बरा करतो, साखर मात्र रोज सांगावी लागते. या वेळी चूक करायची नाही असं मी ठरवलं होतं: नाव विचारायचं, नंबर घ्यायचा. पण विचारावंच लागलं नाही. गल्ल्याला क्यूआर कोड चिकटवलेला आहे. तो स्कॅन केला की 10 रुपये जाण्याआधी फोनवर नाव येतं. पहिलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं बँकेत आहे तसं. पहिल्या दिवशी मी ते वाचलं, आणि वाचता वाचता माझ्या डोक्यानं त्याला एका ठिकाणी नेऊन बसवलं. कुठला, कुठल्या समाजाचा, कदाचित कुठल्या वस्तीत राहत असेल इथपर्यंत. अर्ध्या सेकंदात. मी कुणालाही काही विचारलं नव्हतं. पुढ्यात ग्लास होता, कप नव्हता, सगळ्यांना सारखाच होता. पण आजीनं ओसरीवर बसून जे केलं तेच मी फोन हातात धरून केलं होतं, फक्त कंबरदुखीची विचारपूस वगळून.

त्यानंतर एक बारीकशी गोष्ट ध्यानात आली. माझा मित्र त्या टपरीवर कधीच फोननं पैसे देत नाही. खिशात दहाच्या नोटा आणि नाणी ठेवतो. आम्ही त्यावरून त्याची थट्टाही करायचो, सरकारी माणूस म्हणून. फोननं पैसे दिले की देणाऱ्याचंही नाव पलीकडे उमटतं. तो रोख का देतो हे मी त्याला विचारलेलं नाही. विचारणार नाही.

नव्या पोराला मी एक दिवस त्याचं पहिलं नाव घेऊन हाक मारली. तो दचकला. मी त्याला कधी नाव सांगायला लावलं नव्हतं. मग हसला आणि माझ्या आडनावाला 'सर' लावून म्हणाला, "तुमचं पण येते ना फोनवर." आता तो मला त्याच नावानं बोलावतो. चौदा वर्षं जे नाव जिभेनं कमावलं होतं ते गेलं आणि बापजाद्यांचं परत आलं. मला ते आवडलं नाही, आणि न आवडल्याचं आश्चर्यही वाटलं. स्टँडवर तर मी तेच ऐकायला जातो.

त्याचा नंबर मात्र मी घेतलाय. गेल्या उन्हाळ्यात टपरी आठ दिवस बंद होती तेव्हा फोन केला. वडील आजारी होते. काही लागलं तर सांग म्हणालो. काही लागलं नाही. परत आल्यावर दोन दिवस त्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत, हात आडवा धरला, आणि मला स्टँडची आठवण झाली.

मागच्या दिवाळीनंतर मंडईला मी आणि मित्र एकाच गाडीनं अड्याळला गेलो. आमच्याकडे भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. पाहुणे येतात, दुकानं लागतात, रात्री दंडार किंवा नाटक असतं. जुन्या काळी सोयरिकीही तिथेच जुळायच्या, म्हणजे 'कोनाचा' हा प्रश्न विचारण्यासाठी वर्षातला यापेक्षा मोठा दिवस नाही. मित्राची आई अजून गावातच असते. तिला भेटून तो रात्री मैदानावर आला. गरम लाखोरीच्या वड्यांचा कागद त्याच्या हातात होता. आम्ही बसायला जागा शोधत होतो, तेवढ्यात फारीवर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं त्याच्याकडे मान वळवली. "तू कोनाचा गा?"

मी घाईनं मध्ये पडलो. "माझ्या वर्गातला आहे आजोबा, नागपूरले असते."

"ते असन. पन कोनाचा?"

मित्रानं माझ्याकडे बघितलं. आठवीत मी वहीत बघत बसलो होतो, आणि आता त्याच्या वतीनं उत्तर देत होतो. त्याला दोन्ही सारखंच वाटलं असावं. मग त्यानं म्हाताऱ्याकडे वळून आपल्या वडिलांचं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट, ढोलकीच्या वर ऐकू जाईल अशा आवाजात.

म्हातारा थोडा वेळ काही बोलला नाही. "बरा हाय का तुया बाप?"

"वारले. सात वर्सं झाली."

"मले कोनी सांगतलं नाही गा," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज खरोखर पडला होता. मग तो फारीवर एका बाजूला सरकला. जागा करून द्यायला सरकला की अंतर ठेवायला, हे त्या उजेडात मला कळलं नाही. मित्र बसला. त्यानं वड्यांचा कागद मधोमध ठेवला आणि म्हाताऱ्याला म्हणाला, "घ्या आजोबा." समोर दंडार सुरू झाली होती.